रविवारची मोजणी

"सडक कुठी पळून चालली?" असं म्हणून आमच्या ऑफिसातले भाऊ सायकलवरून उतरायचे. चढावर उतरायचे ते ठीक, चढावर सगळेच उतरतात. हे उतारावरही उतरायचे. उताराच्या तोंडाशी सायकल उभी करायची, रुमालाने चष्मा पुसायचा आणि मग मान डावीकडून उजवीकडे अशी सावकाश फिरवायची, की जणू समोरचं सगळं शिवार त्यांच्याकडे तपासणीला आलं आहे. पाहून झालं की एकदा मान डोलवायची आणि पुन्हा पायडलवर पाय ठेवायचा.

एकदा बाभुळगावच्या बाजूला कापसाने भरलेली बैलबंडी त्यांना मागे टाकून गेली. बैल म्हातारे होते आणि गाडीवान झोपलेला होता. ही गोष्ट त्यांनी स्वतःच सोमवारी ऑफिसात सांगितली, आणि सांगताना चेहरा असा, की जणू सायकलच्या शर्यतीत पहिला नंबर आलेला आहे.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. कामात वाईट नाही, वागण्यात गोड, कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही, आणि तरीही त्याच्याकडे पाहिलं की उगाचच डोकं तापतं. माझं तरी तापायचं.

आमचं ऑफिस यवतमाळात. कोणतं ते सांगत नाही. रस्त्यांचं होतं एवढं पुरे. ते तिथे आरेखक होते, म्हणजे इंजिनिअर लोक मोजून आणतील त्या आकड्यांवरून रस्त्याचा नकाशा काढणारे. मी आवक-जावक टेबलावर. येईल त्या कागदावर शिक्का मारायचा, क्रमांक द्यायचा, पुढच्या टेबलावर ढकलायचा, हे माझं काम. सगळे त्यांना भाऊ म्हणत. ते मला ताई म्हणत, जरी मी त्यांच्या मुलीच्या वयाची होते. घरची पंधरा एकर जमीन होती, कापूस आणि तूर. ती धाकटा भाऊ पाहायचा. हे वर्षातून एकदा जायचे आणि पीक कसं आहे म्हणून विचारलं तर धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीचं वर्णन करायचे.

रविवार मात्र त्यांचा स्वतःचा. सहा वाजता भाकर, कांदा आणि ठेचा फडक्यात बांधून निघायचं ते संध्याकाळी परतायचं. सायकल वडिलांच्या वेळची, काळी, बावीस इंची फ्रेमची. पुढच्या चाकाच्या एका स्पोकला लाल चिंधी बांधलेली. चिंधी एकदा वर आली की एक वेढा, आणि साडेचारशे वेढे म्हणजे साधारण एक किलोमीटर, असा त्यांचा हिशेब होता. आमच्या खात्यात रस्त्यावरची प्रत्येक जागा सुरुवातीपासूनच्या अंतराने लिहितात, त्याला साखळी क्रमांक म्हणतात. नोकरीत तीस वर्षं तेच केल्यामुळे हा माणूस फिरायला गेला तरी दुसरं काही लिहू शकत नव्हता. त्यांची वही मी पाहिली आहे. "सा. क्र. २/४००. डावीकडे पळस, तीन. फुललेले. उत्तम." "सा. क्र. ३/१००. नाला. पाणी गुडघाभर. आवाज चांगला."

डांबर त्यांना चालत नसे. डांबर तयार करणाऱ्या खात्याचा पगार तीस वर्षं घेतला, पण चाकाखाली मुरूमच पाहिजे. त्यातही लाल मुरूम वेगळा, पिवळा वेगळा, बैलबंड्यांनी दाबलेला वेगळा, ट्रॅक्टरने उखडलेला वेगळा. लोक गाण्याबद्दल बोलतात तसं ते मुरमाबद्दल बोलायचे.

"लाल मुरमावर चाक बोलते ताई. डांबरावर मुकं होते."

"पण भाऊ, डांबरावर माणूस लवकर पोचतो."

"ज्याले पोचाचं हाय त्यानं डांबरावरून जावं. मले कुठी पोचाचं हाय?"

कुठेच पोचायचं नसणं ही फार चैनीची गोष्ट आहे, हे मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. ती ज्याचा पगार एक तारखेला होतो त्यालाच परवडते. त्यांनी यावर मान डोलवली, जणू मी पळस दाखवला होता.

ही ती वर्षं होती जेव्हा आमचा जिल्हा फार प्रसिद्ध झाला होता. आमच्याकडे कापूस कसा पिकतो हे पाहायला कधी कुणी आलं नव्हतं. तो पिकवणारा कसा मरतो हे पाहायला मात्र दिल्ली-मुंबईहून गाड्या येऊ लागल्या. यवतमाळातली लॉजं भरलेली असायची. समित्या यायच्या, कॅमेरे यायचे, जिल्ह्याचा नकाशा मागायला आमच्या ऑफिसात यायचे. त्यांच्या गाड्या डांबर जिथवर आहे तिथवर जायच्या. डांबर संपलं की दुःखही तिथेच संपतं, असं त्यांच्या अहवालांवरून वाटायचं. भाऊंनी त्यांना कितीतरी नकाशे काढून दिले.

एका रविवारी फाट्यावर अशाच एका गाडीने भाऊंना अडवलं. आत कॅमेरेवाल्या बाई. त्यांनी काच खाली करून विचारलं, "अंदर क्या हालत है?"

"अंदर?" भाऊ म्हणाले. "अंदर तो बहुत बढिया है. नौ किलोमीटर लाल मुरूम. पलस फूला है."

बाईंनी काच वर केली. भाऊंना वाईट वाटलं. एवढी लांबून आलेली बाई, पळस न बघता गेली म्हणून.

हे ऐकून माझा तोल गेला. "भाऊ, लोक मरून राह्यले आनि तुमी पळस पाहून राह्यले?"

त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "मी पाह्यलं नाई तं पळस फुलाचा थांबते का?"

मी समोरच्या कागदावर जोरात शिक्का मारला. तो राग अजून आहे.

एकदा त्यांनी ऑफिसातल्या चौघांना सोबत नेलं होतं. मी त्यात होते, माझ्या जुन्या मोपेडवर. मोपेडच्या आवाजाने मजा जाते म्हणून त्यांनी मला सगळ्यांच्या मागे दोनशे मीटर ठेवलं. लेखापाल मुलाची गिअरची सायकल घेऊन आले होते आणि त्यातला एकही गिअर त्यांना माहीत नव्हता. चौथ्या किलोमीटरला त्यांनी चहाची चौकशी केली. "चहा हॉटेलात असते, सडकेवर नसते," असं उत्तर मिळालं. पुढे दोन कुंपणांमधल्या एका पांदणीच्या तोंडाशी भाऊंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. "आता कोनी बोलू नोका. हा तुकडा ऐका." मग पाच सरकारी नोकर एकामागे एक, मी मोपेड बंद करून ढकलत, श्वास रोखून, मुरमाचा आवाज ऐकत गेले.

पलीकडे पोचल्यावर लेखापाल म्हणाले, "भाऊ, हे तं चक्कीत ज्वारी दळल्यावानी वाजते."

थोड्या वेळाने रिकामी पोती घेऊन एक टेम्पो आला. लेखापाल सायकलसकट त्यात चढले आणि गेले. अकरा किलोमीटरला आम्हाला तीन तास लागले. भाऊ पुढे चार दिवस लेखापालांशी बोलत नव्हते.

आता माझ्या गावाचं सांगते, कारण जिल्ह्यातला त्यांचा सगळ्यात आवडता रस्ता तोच होता, आणि आमचं भांडणही त्यावरूनच.

माझं गाव फाट्यापासून नऊ किलोमीटर आत. एसटी फाट्यावर थांबते. पुढे मुरूम, तीन नाले, एकावरही रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, नाही. पावसाळ्यात नाले भरले की गाव आपल्या जागी आणि जग आपल्या जागी. गावात शाळा सातवीपर्यंत. माझ्या वर्गात आम्ही सात मुली होतो. माझ्या बापाने हट्ट धरून मला बाभुळगावच्या वसतिगृहात घातलं म्हणून मी शिकले आणि ऑफिसात शिक्के मारायला लागले. बाकी सहा जणी सातवीनंतर कापूस वेचायला गेल्या. एसटीवाल्यांचं म्हणणं सरळ होतं: पक्का रस्ता द्या, गाडी देतो. गाडी आली तर पोरी आठवीला जातील, नाही तर नाही. आमच्या गावात रस्त्याचा अर्थ एवढाच होता.

आणि हे महाशय सोमवारी येऊन मला सांगायचे, "ताई, तुमच्या गावची सडक म्हणजे जिल्ह्यात एक नंबर."

"भाऊ, ती सडक नाही. म्हणूनच तुम्हाला आवडते."

दिवाळीला मी गावी गेले. आई ओसरीवर बसून कवडी निवडत होती, म्हणजे चांगल्या कापसातून किडका, डागी कापूस वेगळा काढत होती. हात चालू ठेवून म्हणाली, "तुमच्या हापिसचा मोजनीवाला लय चांगला मानूस हाय."

"कोनता मोजनीवाला?"

"तो नाई का, सायकलवाला. दर आयतवारी येते. थांबून थांबून लिहिते. झाडं मोजते, नाल्यात काठी घालून पानी मोजते. औंदा आपली सडक होते म्हन्ते सारं गाव."

मी कपाळावर हात मारला. यात गावाची चूक नव्हती. त्या वर्षांत वही घेऊन येणारा माणूस म्हणजे सर्वेवाला, हे गावोगाव ठरून गेलेलं होतं. वहीवाला येतो, काहीतरी लिहितो, मग काहीतरी येतं किंवा येत नाही. पण वहीवाल्याला पाणी द्यायचं आणि त्याला घाई करायची नाही. आमच्या गावाने तर पाण्यावर भागवलं नव्हतं. या रविवारी कुणाकडे जेवण, पुढच्या रविवारी कुणाकडे, अशी पाळी लावली होती. पावसाळ्यात पोरं त्यांची सायकल डोक्यावर घेऊन नाल्यातून नेत. आमच्याकडे नवरदेवालाही कुणी असं नेत नाही.

सुट्टी संपल्यावर मी सरळ त्यांच्या टेबलासमोर उभी राहिले.

"भाऊ, तुम्ही आमच्या गावात सांगितलं का, मोजणी चालू आहे म्हणून?"

"मी? नाई."

"मग मोजणी नाही, असं सांगितलं?"

त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "कोनी विचारलंच नाई ताई."

"आणि जेवण?"

"ते आग्रह करते. नाई म्हनता येत नाई." मग जरा उजळून म्हणाले, "तुमच्या आईच्या हातची जवसाची चटनी म्हनजे..." इथे त्यांना माझा चेहरा दिसला आणि ते थांबले.

माझं समाधान झालं नाही. मी आवक रजिस्टर काढून मागे मागे पानं उलटत गेले, आणि गावाचं नाव सापडलं. पक्क्या रस्त्यासाठी ग्रामपंचायतीचा प्रस्ताव, चौदा महिन्यांपूर्वी आलेला. आवक शिक्का मारला होता मी. माझ्याच गावाच्या कागदावर मी न वाचता शिक्का मारून तो पुढे ढकलला होता. हे लिहायला मला आवडत नाही, पण लिहिलं पाहिजे.

फाइल भाऊंच्या टेबलावरच्या गठ्ठ्यात निघाली. वर त्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात शेरा होता: "सर्वेक्षण अप्राप्त. प्रतीक्षेत." इंजिनिअर साहेबांची जीप दोनदा निघाली होती आणि दोनदा पहिल्या नाल्यावरून परतली होती. मोजणीचे आकडे आले नाहीत, म्हणून नकाशा नाही, म्हणून फाइल तिथेच.

"सर्वेक्षण अप्राप्त," मी मोठ्याने वाचलं. "आणि तुमच्या वहीत काय आहे?"

"ते तं सीनरी हाय ताई."

"नऊ किलोमीटर आहे त्यात. प्रत्येक वळण, प्रत्येक झाड. नाल्याची खोली लिहिली आहे तुम्ही, उन्हाळ्यातली वेगळी आणि पावसाळ्यातली वेगळी."

"पन ते रविवारचं हाय," ते खरोखरच गोंधळून म्हणाले. "ते ऑफिसात कसं चालीन?"

ते लबाडी करत नव्हते. मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. आमच्या खात्यात तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे खरोखर कळत नव्हतं. सोमवार ते शनिवार त्यांच्या टेबलावर एक गाव आकड्यांची वाट बघत पडलं होतं आणि रविवारी त्याच गावात जाऊन ते तेच आकडे वहीत लिहून आणत होते. वही सायकलच्या पिशवीत, फाइल टेबलावर, मध्ये भिंत. असं काम आमच्याकडेच होऊ शकतं.

मग फाइलवरची धूळ बोटाने पुसत, ते खालच्या आवाजात म्हणाले, "आनि डांबर झालं की ती सडक जाईन, ताई."

म्हणजे थोडंसं कळतही होतं.

मी त्यांना शिल्पाचं सांगितलं. शिल्पा माझी मोठी भाची, भावाची मुलगी. या चौदा महिन्यांत ती सातवी पास झाली, वर्गात पहिली आली आणि वेचणीला गेली. तिच्या हातचं पाणी यांनी किती रविवार प्यायलं असेल. धाकटी सहावीत होती, तिचंही तेच होणार होतं. "येत्या रविवारी," मी म्हटलं, "गावात जाऊन सगळ्यांसमोर सांगायचं की मोजणी नाही. मी येते ऐकायला."

ते आले. न येण्याइतका वाईट माणूस तो नव्हता. विहाराच्या ओट्यावर पंचवीस-तीस माणसं जमली होती. त्या दिवशी जेवणाची पाळी आमच्या घरची होती, घरातून चुलीचा धूर येत होता. भाऊ सायकलचा हँडल धरून उभे राहिले. सायकल सोडली तर आपण पडू अशी त्यांना भीती वाटत असावी.

"मी मोजनीवाला नाई," ते म्हणाले. "मी ऑफिसात आहो, पन इथी मोजाले येत नाई. मी फिराले येतो. सडक पाहाले."

मग माझ्या आईनेच तोंड उघडलं. "आमाले माईत हाये, बापू."

मी आईकडे पाहत राहिले. ती म्हणाली, "टेप नाई, संगं मानूस नाई. मोजनीवाला असा एकटा येते का? पह्यले दोन आयतवार आमी फसलो. मंग समजलं आमाले, जुन्या मान्सायले. पोट्ट्यायले नाई सांगितलं, तुलेई नाई. त्यायले वाटू देल्लं."

"मंग जेवाले काहून घालत व्हती?" मी विचारलं. मला रडू येत होतं की राग, ते कळत नव्हतं.

"पाय बाई, आपल्या गावात कोनी फाशी घेतली नाई, कोनी जहर घेतलं नाई. म्हनून आपल्या गावात गाडी आली नाई, फोटोवाला आला नाई, सायेब आला नाई. काही काम नसतानी नुसतं गाव पाहाले येनारा हाच एक. त्याले भाकर नाई द्याची तं कोनाले द्याची?"

भाऊंनी मान खाली घातली. लोक जरा सैल झाले, एक म्हातारा हसलाही, आणि प्रकरण तिथेच गोडीत मिटलं असतं. पण शिल्पा समोर आमच्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती मोठ्याने बोलणारी पोरगी नाही.

"आजीले पाहाले आलेलं पुरते," ती म्हणाली. "मले आठवीत जायाचं व्हतं."

ते न जेवता गेले. आमच्या गावात पाहुणा भरल्या ताटावरून उठून गेला तर तो घराचा अपमान असतो. आई माझ्याशी पंधरा दिवस धड बोलली नाही. गावात असंही सांगतात, की त्या दिवशी फाट्याकडे जाताना त्यांनी दोन बैलबंड्या मागे टाकल्या. मी पाहिलं नाही, त्यामुळे माझा विश्वास नाही.

सोमवारी मी ऑफिसात पोचले तेव्हा शिपाई अजून कुलपं उघडत होता आणि हे दारात उभे. चार दिवस त्यांनी मान वर केली नाही. पाचव्या दिवशी नकाशा तयार. मी तो वहीशी ताडून पाहिला. "सा. क्र. ३/१००, नाला" तिथे होता, "आवाज चांगला" तेवढं गाळलं होतं. फुललेले पळस गेले, वळणं राहिली. फक्त सहाव्या किलोमीटरच्या पुढे एका ठिकाणी बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: "मोहाचे झाड. रस्ता तीन मीटर उजवीकडून न्यावा." इंजिनिअर साहेबांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही केली. त्यांच्या त्या सवयीने कुणाचं भलं झाल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

तेव्हा गावं जोडायची एक सरकारी योजना नुकतीच आली होती. मंजुरी मिळाली. दीड वर्षाने रस्ता काळा झाला, नाल्यांवर रपटे झाले, सकाळ-संध्याकाळ एसटी सुरू झाली. धाकटी आठवीत बाभुळगावला जाऊ लागली. शिल्पा तोवर सोळाची झाली होती. आठवीच्या बाकावर ती आता बसणार नव्हती आणि बसली नाही. मोहाचं झाड मात्र वाचलं. त्या वळणावर एसटीचे ड्रायव्हर नकाशा काढणाऱ्याला शिव्या देतात.

पहिली गाडी आली त्या दिवशी गावाने भाऊंसाठी हार आणून ठेवला होता. ते आले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "डांबरावर मी काय करू?" त्या रस्त्याला ते पुन्हा कधी गेले नाहीत. आईला वाटायचं, बापू रागावला. ती माझ्यासोबत एसटीने चटणीचा डबा पाठवायची. ते डबा टेबलावरच उघडायचे आणि कुणाला न देता खायचे. आईचा डबा रिकामा परत नेताना मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा माया वाटली. फार नाही, थोडीशी.

पुढे ते पांढरकवड्याकडे जाऊ लागले. शनिवारी सायकल एसटीच्या टपावर टाकायची आणि रविवारी तिकडच्या जंगलातून फिरायचं. तिकडे कोलामांच्या वस्त्या आहेत, त्यांना पोड म्हणतात. डांबर तिथवर फारसं पोचलेलं नव्हतं, त्यामुळे भाऊ खूश होते. आता मात्र ते वही सोमवारी पिशवीतून काढून टेबलावर ठेवू लागले होते. "असू द्या जवळ," म्हणायचे. रिटायर व्हायला आठ महिने राहिले होते.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी ते आले नाहीत. मी एका फाइलसाठी त्यांच्यावर चिडले होते. दुपारी त्यांच्या घरून फोन आला. रविवारी एका पोडाजवळ, बसल्या बसल्या, हृदयाने दगा दिला होता.

चार दिवसांनी त्या पोडातला एक मधल्या वयाचा माणूस ऑफिसात आला. सायकल त्याने टेम्पोत घालून त्यांच्या घरी पोचवली होती. वही पोलिसांनी त्याच्या हाती दिली होती आणि वहीवर आमच्या ऑफिसचं नाव होतं, म्हणून तो ती घेऊन इथे आला. मी त्याला बसायला खुर्ची दिली. तो बसला नाही.

"सायेब झाडाखाली बसले व्हते," तो म्हणाला. "मांडीवर वही. आमाले वाटलं, मोजनी चालू हाय. तिकडं बाभुळगावकडं एका सायकलवाल्या सायेबानं सडक करून देल्ली, असं आमी ऐकलतं. हेच ते सायेब, म्हनलं."

"मग?"

"मंग कोनी बोललं नाई. लिहित्या मानसाले टोकू नाई. पानी नेऊन ठेवलं बाजूले. लेकरं चिल्लावत व्हते, त्यायले दूर नेलं. आमी पलीकडं बसून राह्यलो सारे."

"किती वेळ?"

"दुपार झाली."

"आणि समजलं कधी?"

"ऊन सायेबाच्या तोंडावर आलं," तो म्हणाला, "तरी सायेब सरकले नाई."

मी वही उघडली. आत घडी घातलेला एक कागद होता. सकाळीच, साहेबांचं लक्ष मोडू नये म्हणून, पोडातल्या लोकांनी तो हळूच मांडीवरच्या वहीच्या पानात सरकवून ठेवला होता, असं त्याने सांगितलं. पोडाला आणि त्यापुढच्या वस्तीला रस्ता मिळावा म्हणून अर्ज, एकूण पाच किलोमीटर, खाली अंगठे. या वेळी मी अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग शिक्का मारला, आवक क्रमांक दिला, वही जोडली आणि दोन्ही नेऊन भाऊंच्या टेबलावर ठेवलं. आरेखकाचं पद रिक्त होतं. मी कागद रोज पुढे ढकलत राहिले, इंजिनिअर साहेबांसमोर ठेवत राहिले, दोनदा भांडले.

तीन महिन्यांनी अर्ज शेरा घेऊन माझ्याकडे परत आला: सर्वेक्षण अपूर्ण.

बरोबरच होतं. वहीतली शेवटची नोंद तीन किलोमीटर आठशे मीटरची होती. बाराशे मीटर राहिले होते.